तफावत २ रुपये ७६ पैशांची

पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलचे २०२५-२६ या पुरवठा वर्षाचे, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या कालावधीचे, वाटप तेल विपणन कंपन्यांनी जाहीर केले असून सुमारे १,७७६ कोटी लिटरच्या देकारांपैकी १,०४८ कोटी लिटर स्वीकारताना उसावर आधारित इथेनॉलच्या वाट्याला जेमतेम २८९ कोटी लिटर आले आहेत. अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने १ सप्टेंबर २०२५ रोजी उसाचा रस, पाक आणि मळीच्या वापरावरील सारे निर्बंध उठवले, त्या भरवशावर कारखान्यांनी देकार भरले, आणि प्रत्यक्ष खरेदीत सुमारे ७२ टक्के वाटा मका, तांदूळ आदी धान्यांकडे गेला. या वाटपावर साखर वर्तुळात पुरेसा संताप व्यक्त झालेला आहे. परंतु उद्या वाटप वाढवून मिळाले तरी सध्याच्या दरांत ते परवडेल काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

साखर तयार करताना पाकातून टप्प्याटप्प्याने स्फटिक काढून झाल्यावर अखेरीस उरते ती सी-हेवी मळी, आणि शेवटच्या टप्प्याची साखर न काढता आधीच बाजूला घेतली जाते ती बी-हेवी मळी. एक टन उसामागे पहिल्या मार्गाने साधारण साडेदहा लिटर, तर दुसऱ्या मार्गाने सुमारे २० लिटर इथेनॉल मिळते. मात्र दुसऱ्या मार्गासाठी उताऱ्यात दीड टक्क्याची, म्हणजे टनामागे सुमारे १५ किलो साखरेची घट सोसावी लागते. २०२२-२३ मध्ये सी-हेवी इथेनॉलचा दर ४९.४१ रुपये आणि बी-हेवीचा ६०.७३ रुपये होता, म्हणजे सोडलेल्या साखरेची भरपाई करणारी ११.३२ रुपयांची तफावत दरांतच ठेवलेली होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, रसापासूनच्या इथेनॉलवर एका आदेशाने बंदी आली, आठवडाभरातच ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सैल झाली, आणि साखर वाचावी म्हणून सी-हेवीचा दर वाढवण्यात आला. टंचाईच्या धास्तीने केलेला तो उपाय धास्ती सरल्यावर मागे घ्यावयाचा, किंवा बी-हेवीचा दर त्याच प्रमाणात वर न्यावयाचा, एवढे साधे गणित दिल्लीत कोणाला सुचले नाही. उलट सी-हेवीचा दर जानेवारी २०२५ मध्ये ५७.९७ रुपये झाला आणि बी-हेवी ६०.७३ रुपयांवर जागच्या जागी राहिली, म्हणजे तफावत उरली २.७६ रुपयांची.

साखरेचा भाव किलोला ३८ रुपये धरल्यास १५ किलो साखर ५७० रुपयांची होते, आणि बी-हेवी मार्गाने मिळणारे जादा उत्पन्न टनामागे सुमारे ६०० रुपये भरते. उरलेल्या ३० रुपयांत वाफ, वीज, यीस्ट आणि स्पेंटवॉशची, म्हणजे आसवनीतून निघणाऱ्या सांडपाण्याची विल्हेवाट बसवून दाखवण्याचे आव्हान दर ठरवणाऱ्यांनी एकदा स्वीकारावे.

रसाची स्थिती याहून बिकट आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्यासाठी २०२२-२३ मध्ये टनाला ३,०५० रुपये होता, तो २०२५-२६ साठी ३,५५० रुपये झाला आहे. टनामागे ७० लिटर इथेनॉल धरले तर केवळ उसापोटी लिटरला सात रुपयांहून अधिक भार वाढला. दर मात्र ६५.६१ रुपयेच, आणि मक्यापासूनच्या तशाच इथेनॉलला ७१.८६ रुपये. ऊस उत्पादकाला चौदा दिवसांत पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज लावणारा ऊस नियंत्रण आदेश शेतकऱ्याच्या हिताचाच आहे, परंतु उसाचा दर दरवर्षी वाढवणारे सरकार त्याच उसाच्या उत्पादनाचा दर तीन वर्षे गोठवून ठेवते, तेव्हा थकबाकी कोण निर्माण करतो हेही सांगितले गेले पाहिजे.

सारा दोष सरकारच्या माथी मारूनही भागणार नाही. सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मळीबरोबर मक्यावरही चालाव्यात यासाठी मार्च २०२५ मध्ये केंद्राने व्याज सवलतीची योजना अधिसूचित केली, जीत सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांपैकी कमी असेल तेवढे व्याज सरकार सोसते. गाळप हंगाम आखडत चालला असताना आणि आसवनी वर्षातील कित्येक महिने थंड पडत असताना अनेक संचालक मंडळांनी या योजनेवर साधा ठरावही केलेला नाही. धान्याची दळण यंत्रणा आणि डीडीजीएस, म्हणजे किण्वनानंतर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, वाळवण्याचा ड्रायर यांचा खर्च मोठा आहे, मक्याचा भावही स्थिर नाही. तरीही प्रकल्प अहवाल करून तो नाकारणे आणि अहवालच न करणे यांत फरक आहे.

दरवाढीची मागणी आजवर निवेदनांतून झाली, हिशेबांतून झाली नाही. प्रत्येक कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी रस, बी-हेवी आणि सी-हेवी यांचा लिटरमागचा स्वतंत्र उत्पादन खर्च सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावा आणि तो याच महिन्यात साखर संघाकडे धाडावा.