आग्रहाची बट्टी



वरणगावच्या एका केळी बागायतदारांनी परवा विचारले, "साहेब, वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेऊ का?" मी खतपाण्याचा माणूस. म्हटले, "भाऊ, ठिबक बसवल्यावर रात्रभर पाणी सोडायची सवय सुटली का?" ते हसले.

नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचा बराच बोलबाला झाला. तिच्या एका प्रकारात जठराचा बहुतेक भाग काढून केळाएवढी नळी ठेवतात. भूक मंदावते, वजन उतरते. पण सवय कापता येत नाही. एक-दोन वर्षांनी भूक परतू लागते, आणि चहा-सरबतातली साखर तर त्या नळीतूनही सहज उतरते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या अन् रक्ततपासणी जन्मभराची. म्हणून डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. काळजीत, रागात हात डब्याकडे जातो का, दारू किती, हे तिथे लपवू नये. ऑपरेशननंतर दारू लवकर चढते, व्यसनही जडू शकते.

त्याच दिवशी त्यांच्याकडे वरण-बट्टी होती. वहिनी तुपाची वाटी घेऊन उभ्या, "माझ्यासाठी एवढी एकच घ्या!" भाऊंनी ताट पुढे केले.

निघताना म्हटले, "डॉक्टरांकडे जाल तेव्हा वहिनींनाही बरोबर न्या."