बहात्तर तास आणि मणिबेली

बलात्कार झालेल्या बाईच्या बाबतीत दवाखान्याचे घड्याळ फार वेगाने चालते. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर दिली तितकी चांगली. ७२ तासांनंतर तिचा भरवसा कमी होत जातो. अंगावरचे नमुने ९६ तासांपर्यंत, म्हणजे चार दिवसांपर्यंत घेता येतात. त्यानंतर पुरावा मिळणे अवघड.

आता हे घड्याळ मणिबेलीला नेऊन बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या काठचे हे गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने गिळलेले महाराष्ट्रातले पहिले गाव म्हणून १९९३ साली त्याचे नाव झाले. धरणांना कर्ज देणे थांबवा असे जागतिक बँकेला बजावणारा जो जाहीरनामा १९९४ साली देशोदेशींच्या संघटनांनी काढला, त्यालाही मणिबेलीचेच नाव दिले गेले. जमीन गेली, शूलपाणेश्वराचे जुने देऊळ गेले, आणि जे पुनर्वसनात गेले नाहीत ते आदिवासी वर टेकड्यांवर सरकले. जिल्ह्याचे ठिकाण सातपुड्याच्या घाटापलीकडे. नदीकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका आहेत, त्यांनी जीवही वाचवले आहेत. पण पावसाळ्यात डोंगरवाट चिखलाची होते, आणि अडलेली बाळंतीण बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर न्यायचे प्रसंग सातपुड्यात आजही येतात. बाळंतिणीला निदान न्यायला चार माणसे जमतात. जिच्यावर अत्याचार झाला, तिची झोळी कोण उचलणार? तिला तर कोणाला कळू न देता जायचे असते.

आपण वस्तीत राहणारी माणसे. आपल्याकडे दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो. मग मणिबेलीची काळजी आपण का करायची, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की स्त्रियांवरील हिंसेविषयीचे सरकारी धोरण खरे किती आहे, हे मणिबेलीच्या काठावर उभे राहून जितके स्पष्ट दिसते तितके मंत्रालयातून दिसत नाही. आणि तिथे जे तुटते, तेच वस्तीतही तुटते. तिथे वाट आडवी येते, इथे नोंदणीच्या खिडकीवर बसलेला माणूस आडवा येतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १८१ ची हेल्पलाइन आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर उघडली, जिथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छताखाली मिळावा अशी कल्पना. २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे. पण या साऱ्याची बांधणी जिल्ह्याच्या गावी. बाईने तिथवर यायचे, मग धोरण सुरू होणार. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मोठ्या गाजावाजाने मंजूर केले. त्यात फाशी होती, तपासाला दिवसांची मुदत होती. राष्ट्रपतींची संमती त्याला काही मिळाली नाही. फाशीच्या चर्चेत जेवढा घसा बसला, त्याच्या शतांश आवाजात कोणी विचारले असते की शेवटच्या उपकेंद्रातल्या नर्सच्या कपाटात त्या गोळ्या आहेत का, तर काही बायकांचे भले झाले असते.

हे मी आरोग्याच्या पानावर का लिहिते, त्याला कारण आहे. आपल्याकडच्या मोठ्या प्रकरणांत बाईला न्याय मिळाला की हुकला, हे पुष्कळदा डॉक्टरच्या टेबलावर ठरले आहे.

१९७२ सालचे मथुरा प्रकरण आठवा. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजची आदिवासी, पोरकी, मोलमजुरी करणारी मुलगी. पोलीस ठाण्यातच दोन पोलिसांवर बलात्काराचा आरोप. दुसऱ्या दिवशी रात्री तिची तपासणी झाली. अंगावर जखम नाही, आणि दोन बोटे घालून डॉक्टरांनी लिहिले की तिला शरीरसंबंधाची सवय आहे. हाच कागद तिच्या विरुद्ध गेला. हायकोर्टाने पोलिसांना दोषी धरले होते, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बोटांची ती चाचणी मात्र पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग म्हटले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा सांगावे लागले, की जो डॉक्टर ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

खैरलांजी तर आपल्या घरातली जखम. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकी आणि दोन मुलगे मारले गेले. पहिले शवविच्छेदन इतके वरवरचे झाले, की पुरलेले मृतदेह उकरून दुसऱ्यांदा करावे लागले. तोवर दिवस गेले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण बलात्काराचा गुन्हा खटल्यात उभा राहिलाच नाही आणि ॲट्रॉसिटीचे कलमही न्यायालयाने मानले नाही. मोर्चे आपण काढले, लाठ्या खाल्ल्या. पहिल्या टेबलावर हुकलेले मात्र कोणत्याही मोर्च्याने परत आणता आले नाही.

आणि नंदुरबार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये धडगाव तालुक्यात एक विवाहित तरुणी गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. घरच्यांचे म्हणणे होते, की तिच्यावर बलात्कार करून तिला मारले आणि पहिल्या शवविच्छेदनात त्या दृष्टीने तपासलेच गेले नाही. बापाने लेकीला अग्नी दिला नाही. खड्डा खणून तिला मिठात ठेवले. सुमारे दीड महिना. सप्टेंबरच्या मध्यावर मृतदेह मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेऊन पुन्हा शवविच्छेदन झाले. त्या घटनेत काय खरे, काय खोटे, ते न्यायालयाने ठरवावे. मी फक्त मिठाचा विचार करते. पुरावा टिकवणे हे सरकारी यंत्रणेचे काम. ते त्या बापाला मीठ आणून स्वतः करावेसे वाटले, म्हणजे डॉक्टरच्या सहीवर त्याचा किती विश्वास उरला होता?

म्हणून भगिनींनो, दवाखान्यात आपला हक्क काय, हे पोलीस ठाण्याच्या आधी माहीत हवे. बलात्कारातून आणि ॲसिड हल्ल्यातून आलेल्या व्यक्तीवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि ताबडतोब करणे हे सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ ते सांगते, आणि नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी एफआयआर आणा, मग बघू, असे कोणी म्हटले तर ते बेकायदा आहे. तपासणीला तुमची संमती लागते, आणि तपासणी नको म्हटले तरी उपचार नाकारता येत नाहीत. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. अंगावर जखम नाही म्हणजे जबरदस्ती झाली नाही, असे डॉक्टरने लिहायचे नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ सांगितले आहे. घरच्यांनी एवढे सांभाळावे: शक्य असेल तर तिला तपासणीआधी आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, आणि ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. पण तिने आंघोळ केलीच असेल तर आता काही उपयोग नाही म्हणून घरी बसवू नका. औषधे आंघोळीने वाया जात नाहीत.

ॲट्रॉसिटीच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्यातले अर्धे अर्थसाहाय्य वैद्यकीय तपासणी आणि तिला दुजोरा देणारा अहवाल आल्यावर मिळायचे असते. म्हणजे डॉक्टरचा कागद इथेही चुलीपर्यंत येऊन पोचतो.

मानवी तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कामाठीपुरा येतो. बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींची सभा घेऊन त्यांना ते जिणे सोडायला सांगितले होते. तो प्रश्न संपलेला नाही. पण सातपुड्यात तस्करीचे दुसरे तोंड दिसते. पावसाळा संपला की इथली कुटुंबे गुजरातच्या उसाच्या फडात तोडणीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी कोयता चालवायचा. वयात आलेली लेक पालावर एकटी. तिला कोणी हात लावला तर तक्रार कोणाकडे? मुकादमच मालक, मुकादमच सावकार, घरी जायची गाडीही त्याचीच. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात बंद केली आहे. सरकारी धोरण मात्र तस्करी पोलिसांच्या खात्यात आणि उचल कामगार खात्यात ठेवते, आणि पालावरची पोर दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीतून खाली पडते.

सुटका झालेल्या मुलींचेही असेच. तिचे वय किती, जखमा कुठे, लैंगिक आजार आहे का, एवढे तपासायला कायदा सांगतो. न्यायालयाला हवे ते तपासले जाते. तिला झोप लागते का, पाळी येते का, दार वाजले की ती दचकते का, हे विचारायला कोणी आहे का? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पंचवीस वर्षांपूर्वी 'दिलासा' केंद्र सुरू झाले, ते याच विचाराने. मार खाऊन आलेली बाई 'पडले' म्हणते तेव्हा नर्सने पट्टी बांधता बांधता हळूच पुढचा प्रश्न विचारायचा. महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे काम पसरले. मुंबईत जे जमले ते मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि नर्मदेवरच्या बोटीत का जमू नये? इमारत लागत नाही. शिकवलेली एक नर्स, पावरी आणि भिली बोलणारी एक बाई, आणि एक कुलूपबंद पेटी लागते.

एक गोष्ट इथे टोचते, तीही सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलीची बाब कळली की डॉक्टरने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे पॉक्सो सांगतो. हेतू चांगला. पण जिथे लग्नेच लवकर होतात, तिथे पोटुशी पोर नवऱ्याला अटक होईल या भीतीने दवाखान्याकडे फिरकत नाही आणि घरीच बाळंत होते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव तिच्या विनंतीवरून न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली. बाळंतपणाला आलेल्या मुलीचे काय, हा प्रश्न उरतोच. बालविवाह थांबवायलाच हवेत, त्यात तडजोड नाही. पण त्याची किंमत त्या पोरीने रक्तस्रावाने मोजावी, हे मला पटत नाही.

मणिबेलीची बाई अनेकदा जवळ पडते म्हणून गुजरातच्या दवाखान्यात जाईल, हेही धोरणात धरले पाहिजे. राज्याची हद्द उपचाराच्या आड येत नाही, आणि गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून घ्यायचा आहे.

आपल्या विहारात दर रविवारी महिला मंडळ बसते. येत्या बैठकीनंतर दोघीतिघींनी वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एवढेच विचारावे: ७२ तासांची औषधे इथे आहेत का, रात्री पेटीची किल्ली कोणाकडे असते, आणि तपासणीसाठी पडदा असलेली खोली कोणती. उत्तर तारखेसह लिहून ठेवावे आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचून दाखवावे. अक्कलकुवा-धडगावकडे ज्यांचे नातलग, सहकारी, शिक्षक आहेत, त्यांनी हेच तीन प्रश्न बोटीवरच्या दवाखान्यात विचारायला सांगावे.