कुंग-फूचा जनक कोण? आधी पुरावा, मग अभिमान

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला भोर तालुक्यातील एका गावच्या विहारात आमचे भाषण झाले. समोर तरुण मुले जास्त होती, म्हणून टाळी मिळवण्याचा सोपा मार्ग आम्ही धरला. ज्या कुंग-फूचे सिनेमे तुम्ही डोळे फाडून पाहता, ते कुंग-फू चीनला आपल्याच देशातील एका बौद्ध भिक्खूने, बोधिधम्माने शिकवले, असे आम्ही ठणकावून सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर वेल्ह्याकडचा एक अकरावीचा मुलगा जवळ आला. हा मुलगा कराटेच्या क्लासला जातो. "जय भीम, सर. बोधिधम्माचं तुम्ही सांगितलं, त्याला पुरावा कोणता? मघाशी तुम्हीच म्हणालात, पुराव्याशिवाय काही मानू नका."

आम्ही वकील. वीस वर्षे न्यायालयात उभे राहून दुसऱ्यांना पुरावा मागत आलो. त्या मुलापुढे मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते. "वाचून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्यानंतर खरोखरच वाचले. जे हाती लागले ते त्या मुलाला आणि चळवळीतील सर्व वाचकांना सांगणे, हे आमच्यावरचे ऋण आहे.

बोधिधम्म नावाचा भिक्खू होऊन गेला काय? होऊन गेला असावा, असे मानण्यास आधार आहे. यांग श्वानझी या चिनी लेखकाने इ.स. ५४७ च्या सुमारास लुओयांग शहरातील विहारांचे वर्णन लिहिले. त्यात बोधिधम्म येतो, पण तो पर्शियाहून आलेला भिक्खू म्हणून. सुमारे शंभर वर्षांनी दाओश्वान या भिक्खूने थोर भिक्खूंची चरित्रे लिहिली. त्यात तो दक्षिण भारतातील ब्राह्मण आहे. आणखी एका जुन्या मजकुरात तो दक्षिण भारतातील राजाचा तिसरा मुलगा आहे. साक्षीदार तीन आणि जबाबही तीन! परंतु एका बाबतीत तिघांचे एकमत आहे. बोधिधम्माने कोणाला ठोसा मारायला, लाथ मारायला किंवा काठी फिरवायला शिकवले, असे तिघांपैकी एकही म्हणत नाही. त्यांपैकी दोघे बोलतात ते ध्यानाबद्दल.

मग शाओलिन विहार तरी त्याने स्थापन केला काय? नाही. उत्तर वेई घराण्याच्या शिआओवेन सम्राटाने इ.स. ४९५ च्या सुमारास हा विहार बांधला, तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्खूसाठी. म्हणजे शाओलिनशी भारतीय भिक्खूचा संबंध आहे, तो खरा आहे आणि त्याचा आनंद जरूर मानावा. पण त्या भिक्खूचे नाव बोधिधम्म नाही. बोधिधम्माची शाओलिनशी सांगड घालणारे लिखाण त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी दिसू लागते.

भारतीय भिक्खू येण्यापूर्वी चिनी माणसाला मारामारी येत नव्हती काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला आधीच विचारायला हवा होता. हान घराण्याच्या इतिहासात इ.स. पहिल्या शतकात ग्रंथांची जी यादी दिली आहे, तिच्यात 'शौबो' म्हणजे हातांनी लढण्याच्या विद्येवरील सहा प्रकरणांची नोंद आहे. १९७३ साली मावांगदुई येथील थडग्यात रेशमावरचे एक चित्र सापडले. ते थडगे इ.स.पूर्व १६८ चे. चित्रात चव्वेचाळीस माणसे व्यायामाच्या निरनिराळ्या स्थितींत आहेत. म्हणजे बोधिधम्माच्या कितीतरी शतके आधी चीनमध्ये व्यायामही होता आणि हातघाईची विद्याही होती. कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या देशाला स्वतःचे अंग कसे राखावे हे बाहेरच्या एका माणसाने येऊन शिकवले, असे म्हणणे हा त्या जनतेचा अपमान आहे. आमच्याबद्दल कोणी असे बोलले तर आम्ही मोर्चा काढू!

शाओलिनचे भिक्खू लढले, हे मात्र खरे आहे. इ.स. ६२१ मध्ये ली शिमिन या राजपुत्राच्या बाजूने ते वांग शिचोंगच्या सैन्याविरुद्ध लढले. पुढे हा राजपुत्र सम्राट झाला. इ.स. ७२८ चा शिलालेख आजही शाओलिनमध्ये उभा आहे. त्यात त्या कामगिरीची नोंद आहे आणि तेरा भिक्खूंची नावे आहेत. पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर तो शिलालेख म्हणजे विहाराचा सातबारा आहे! आमची जमीन सम्राटाच्या कृपेची आहे, ती कोणी काढून घेऊ नये, म्हणून तो कोरला. भिक्खू कोणत्या विद्येने लढले याबद्दल त्यात शब्द नाही आणि बोधिधम्माने शिकवले म्हणून लढले, असे तर मुळीच नाही.

मग शाओलिनचे भिक्खू स्वतः आपल्या विद्येचे श्रेय कोणाला देत होते? हे वाचून आम्ही थक्क झालो. शाओलिनची खरी ख्याती काठीची. १६ व्या शतकात या भिक्खूंनी किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढाया केल्या. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला चेंग झोंगयू या शाओलिनमध्ये शिकलेल्या माणसाने काठीच्या विद्येवर पुस्तक लिहिले. त्यात आणि शाओलिनमधील १५१७ च्या शिलालेखात जी कथा येते, ती भटारखान्यात राबणाऱ्या एका माणसाची आहे. १४ व्या शतकात बंडखोर विहारावर चालून आले, तेव्हा विस्कटलेल्या केसांचा, अनवाणी असा हा स्वयंपाकघरातला गडी चुलीतला विस्तव सारण्याची काठी घेऊन बाहेर पडला आणि त्याने विहार वाचवला. पुढे त्याला देवाचा अवतार ठरवले गेले. चेंग त्या देवाला 'जिन्नालुओ' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचा किन्नर. ही दंतकथाच आहे, इतिहास नव्हे. पण दंतकथेतही भिक्खूंनी मान दिला तो चुलीपुढच्या माणसाला आणि त्याच्या हातातल्या जळक्या काठीला.

बोधिधम्म या गोष्टीत शिरला तो नंतर. इ.स. १६२४ च्या सुमारास 'यीजिन जिंग' नावाचे व्यायामाचे पुस्तक पुढे आले. त्याला प्राचीन सेनापतींच्या नावाच्या दोन प्रस्तावना जोडलेल्या होत्या. एकीवर इ.स. ६२८ ची तारीख, दुसरीवर ११४२ ची. हे पुस्तक बोधिधम्माने शाओलिनमध्ये ठेवले, असा त्यांत दावा आहे. लिंग तिंगखान या चिनी विद्वानाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच हा बनाव उघडा पाडला. कल्पित गोष्टीतील एक पात्र त्या प्रस्तावनेत खरा माणूस म्हणून अवतरते, मग ती खरी कशी? १९३० च्या दशकात तांग हाओ यांनी पुन्हा कागदपत्रे तपासली आणि बोधिधम्माची कथा निराधार ठरवली. म्हणजे ही कथा खोडून काढली ती भारताच्या द्वेष्ट्यांनी नव्हे, चीनच्या प्रामाणिक अभ्यासकांनी आपल्याच घरातील बनावट दस्त उघडा केला.

जुना पुरावा कायदा १८७२ चा होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दोन्हींत एक तत्त्व कायम आहे. तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा असल्याचे गृहीत धरू शकते. पण दस्तावर नुसती जुनी तारीख टाकली म्हणून तो जुना होत नाही, हे कोणताही तलाठीसुद्धा सांगेल. आमची सबंध कथा अशाच एका दस्तावर उभी होती. वर २०११ च्या '७ आम अरिवु' या तमिळ सिनेमाने आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी तिला रंग दिला. केरळच्या कलरीपायट्टूमधून कुंग-फू निघाले, असे हे संदेश सांगतात. परंतु कलरीचे आजचे रूप घडले ते ११ व्या-१२ व्या शतकाच्या सुमारास, असे अभ्यासक मानतात. मुलाने बापाला जन्म दिला, असा हा युक्तिवाद झाला.

त्या मुलाचा आणखी एक प्रश्न होता, कराटे चिनी की जपानी? कराटे ओकिनावा बेटावर वाढले. चीनच्या फूजिआन प्रांताशी त्या बेटाचा व्यापार होता, तिकडची विद्याही तेथे आली. म्हणून पूर्वी 'कराटे' हा शब्द ज्या अक्षरांनी लिहीत, त्यांचा अर्थ 'चिनी हात' असा होता. १९३० च्या दशकात जपानमध्ये चीनविरोधी वातावरण तापले, तेव्हा ती अक्षरे बदलून 'रिकामा हात' असा अर्थ रूढ केला गेला. उच्चार तोच ठेवला, फक्त उगम पुसला. नावे बदलून दुसऱ्याचे श्रेय पुसण्याचा धंदा फक्त आपल्याच देशात चालतो असे नाही.

येथेच आमचा मुद्दा आहे. भटारखान्यातल्या गड्याचे श्रेय राजघराण्यातल्या, उच्चकुलीन पाहुण्याकडे कसे गेले? आणि आम्ही, जन्मावरून मोठेपण ठरवणाऱ्या व्यवस्थेला विरोध करणारे लोक, त्या उच्चकुलीन नावासाठी टाळ्या का मिळवत होतो? गणपतीच्या मस्तकावरून प्राचीन काळी प्लास्टिक सर्जरी होती, असे कोणी म्हटले की आम्ही हसतो. आपल्या बाजूची गोष्ट आली की आमची चिकित्सा कोठे जाते? कालाम सुत्तात तथागतांनी परंपरेने आले, ऐकिवात आले, ग्रंथात आले म्हणून मानू नका, असे सांगितले. त्यात 'आपल्या अभिमानाचे असेल तर चालेल' अशी सूट नाही.

बाबासाहेबांनीही अशी सूट घेतली नाही. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा हजारो वर्षे चालत आलेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ती बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यातील तंट्याचे कारण पुढे मांडले. तेथे सिद्धार्थ शस्त्रविद्या शिकलेला क्षत्रिय आहे, पण युद्धाचा ठराव आला तेव्हा तो विरोधात उभा राहतो. बौद्धाने लाठीकाठी शिकावी काय, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर यातच आहे. अंग कमवा, स्वतःचे व दुबळ्याचे रक्षण करा, पण हात उचलण्याची हौस धरू नका. महाडच्या लढ्याच्या काळात उभे राहिलेले समता सैनिक दल याच शिस्तीचे होते.

आता भोर-वेल्ह्याच्या मुलांना आमची विनंती. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. ज्या राजगडावरून आणि तोरण्यावरून तालुक्याची ओळख आहे, त्या गडांवर पहारा कोणाचा होता? ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात गडांच्या शिबंदीत ब्राह्मण व मराठ्यांबरोबर रामोशी, महार आणि मांग यांची नावे दिली आहेत. या सर्वांना मिळून 'गडकरी' म्हणत. गडाखालच्या मेटांवर थंडीपावसात जागणारे लोक तुमचेच पूर्वज होते. भोर तालुक्यातील आंबवड्यात जिवा महालाची समाधी दाखवतात. न्हावी समाजातला हा पट्टेकरी. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार त्याने अडवला, म्हणून तर 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण झाली. शेजारच्या पुरंदरच्या पायथ्याशी जन्मलेल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या पुण्यातील तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. या नावांसाठी कोणताही बनावट दस्त लागत नाही.

आणि ज्यांच्या हातात ही विद्या होती, त्यांचे काय झाले? १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' ठरवल्या आणि महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते दार नीट उघडले. पराक्रम जन्मावर ठरवला की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

'कुंग-फू' या चिनी शब्दाचा मूळ अर्थच कष्टाने आणि काळाने कमावलेले कौशल्य असा आहे. स्वयंपाक्यालाही ते असते आणि सुतारालाही. ते कोणाच्या रक्तातून येत नाही.

येत्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही त्याच विहारात जाणार आहोत. गेल्या वर्षी आम्ही चुकीचे बोललो, हे त्याच माईकवरून सांगणार आहोत. टाळ्या पडतील की नाही, ठाऊक नाही. पण वेल्ह्याकडचा तो मुलगा आला, तर त्याला आम्ही व्यासपीठावर आमच्या शेजारी बसवणार आहोत. आमच्यासारख्या वक्त्याला पुरावा मागणारा एक मुलगा गावोगावी असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

जय भीम!