चटणीबरोबरची चिठ्ठी

सुट्टीला गावी गेलं की आई, काकू नाहीतर वहिनी एक काम हमखास गळ्यात घालते. "तुझ्या मोबाईलवर टाक की जरा आपल्या चटणीचं." मग आपण एक फोटो काढतो, खाली "अस्सल घरगुती चव, एकदा अवश्य चाखा" असं लिहितो आणि चार ग्रुपवर धाडून देतो. वीस-पंचवीस अंगठे येतात. ऑर्डर एक येते, तीही मावशीची.

या महिन्यात त्या कामाबद्दलच लिहायचं म्हणते. आमची कांदा-लसूण चटणी निपाणीतून बाहेरगावी जाते आणि तिच्याबद्दल लिहिण्याचं खातं सहा वर्षं माझ्याकडे आहे. दर महिन्याला एक चिठ्ठी निघते. पुड्यात घालायला छापतो, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर जाते. चटणी करतात सासूबाई आणि जाऊबाई. मी फक्त लिहिते, त्यामुळे घरात माझं काम सगळ्यात हलकं समजलं जातं. "काय लिवालीस एवढं? दोन ओळी तर हायत," असं सासूबाई अजून म्हणतात.

दोन ओळींचं हे काम आपल्या भागातल्या एका घरानं शंभर वर्षांपूर्वी फार मोठं करून दाखवलं होतं. बेळगावात किर्लोस्कर रोडवरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिथून सायकली घेऊन पाठवायचे, रामूअण्णा इथं विकायचे. सायकल चालवायला कुणाला यायची तेव्हा? रामूअण्णा तेही शिकवायचे, पंधरा रुपये घेऊन. मला ही गोष्ट फार आवडते. वस्तू हातात ठेवून मोकळं न होता ती वापरायची कशी हे सांगायलाही हा दुकानदार उभा होता.

पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. आणि नांगर खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. विचार करा, माल चांगला, किंमत रास्त, आणि गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही, कारण त्याच्या मनात एक भीती आहे आणि ती तो तुमच्याशी बोलत नाही. "उत्तम नांगर, एकदा अवश्य वापरा" अशी जाहिरात कितीही केली तरी ती भीती जागची हलणार नाही.

नंतर वस्ती वाढवण्यासाठी नगरपालिकेला जागा हवी झाली, किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं मासिक काढलं. कारखाना, विक्रेते आणि गिऱ्हाईक यांच्यात बोलणं चालू राहावं हा त्यामागचा हेतू. हळूहळू त्यात गोष्टी आल्या, व्यंगचित्रं आली, समाजातल्या प्रश्नांवर लेख आले. १९२९ मध्ये 'खबर' शब्द गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' सुरू झालं. तुमच्या आजीला विचारा, 'स्त्री'चे अंक तिनं जपून ठेवले असतील. नांगर विकणाऱ्या घराची ही मासिकं नांगराशी काही संबंध नसलेल्या लोकांनी वाट बघत वाचली.

आमच्या चिठ्ठीची तुलना त्याच्याशी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण ती कशानं वाचली जाते हे मला त्यातूनच उमगलं.

आमचा लोखंडी नांगर म्हणजे चटणीचा रंग. पहिल्या वर्षी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच म्हणाल्या, "रंग घालत नाही ना हो?" त्या एकट्याच विचारत होत्या, बाकीचे न विचारता परत मागवत नव्हते. म्हणून पुढच्या चिठ्ठीत चटणीची चव, आमची परंपरा वगैरे काही लिहिलं नाही. फक्त मिरचीबद्दल लिहिलं. आम्ही दोन मिरच्या वापरतो. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. ब्याडगी म्हणजे हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला कमी. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातही लांब बारीक ती कड्डी आणि आखूड फुगीर ती डब्बी. तिचा रंग इतका पक्का की तो काढून लिपस्टिकमध्येसुद्धा घालतात. संकेश्वरी आपल्या शेजारची, हुक्केरी तालुक्यातली, ती जिभेला कळते. हेही लिहिलं की उजेडात ठेवली तर चटणीचा लाल रंग उतरतो, म्हणून बरणी चिनीमातीची हवी, वर हिंगाचा खडा ठेवा. आणि सहा महिन्यांनी रंग थोडा उतरला तर घाबरू नका, तसा तो उतरणारच.

त्या चिठ्ठीत "घ्या" असं कुठंच नव्हतं. पण सगळ्यात जास्त पुढं पाठवली गेली ती तीच. मिरचीबद्दलचं कुणालाही उपयोगाचं होतं, आमची चटणी न घेणाऱ्यालासुद्धा.

दुसरी चिठ्ठी दराची. "बाजारात यापेक्षा स्वस्त मिळते" हे वाक्य घरून काही विकणाऱ्या प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. मी सगळा हिशोब मांडायचं ठरवलं. मिरची कितीला आली, देठ काढून आणि उन्हात खडखडीत वाळवून किलोमागे किती घटली, देठ काढणाऱ्या बायकांची मजुरी, खोबरं, तीळ, धने, डंकावर कुटण्याचे पैसे, पुडा, कुरिअर आणि शेवटी आमच्या हाती राहतात ते. सासूबाई भडकल्या. "घरचा हिशोब गावाला कशाला दावतीस?" त्यांचंही खरं होतं, आपल्याकडे पैशाचं असं उघड बोलत नाहीत. दोन दिवस घरात अबोला. शेवटी सासऱ्यांनी "आपण काय चोरी करतोय व्हय?" एवढंच म्हटलं आणि चिठ्ठी गेली. घासाघीस जवळजवळ थांबली. मात्र गल्लीतली चटणी करणारी दुसरी एक बाई आमच्यावर रुसली, कारण तिची गिऱ्हाइकं तिलाही हिशोब विचारायला लागली.

काही गोष्टी लिहायच्या नाहीत हेही ठरलेलं आहे. लसणानं रक्तदाब उतरतो, हृदयाला बरं, असलं काही चिठ्ठीत येत नाही. कितीजणांनी सुचवलं, "लिहा, खपेल." खपेल की. पण चटणी चटणी म्हणून विकावी. पुड्यावर वजन, किंमत, केल्याची तारीख, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर. चिठ्ठी वेगळी आणि पुड्यावरचा मजकूर वेगळा. पुड्यावर कायद्यानं जे हवं ते, उगाच फुलापानांत लपवलेलं नाही.

भाषेचं थोडं सांगायला हवं, कारण आपण सीमेवरचे. पुड्यावरचा कायदेशीर मजकूर इंग्रजी किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो, बाकी भाषा जोडीला घालता येतात. आमच्या चिठ्ठीची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. कन्नड बाजू माझी मुलगी लिहिते, ती कन्नड शाळेत शिकली. आधी ती माझ्या मराठीचं भाषांतर करायची. मग तीच म्हणाली, "मम्मी, ते लोक ही चटणी वेगळी खातात." तिकडे याला मसाले खारा म्हणतात, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर, शेंगातेल घालून. तेव्हापासून ती आपलं आपण लिहिते. गोकाक, चिकोडीकडच्या ऑर्डरी तिच्या बाजूनं येतात आणि ती त्याचं कमिशन मागते. अजून दिलेलं नाही.

आता जे सांगायला मी बसले ते. तीन वर्षांपूर्वी दराची ती चिठ्ठी कुणीतरी कुठंतरी मोठ्या ग्रुपवर टाकली. पंधरा दिवसांत आमच्या वर्षाच्या मालाच्या तिप्पट मागणी आली, निम्म्यांनी पैसेही पाठवून दिले. त्याच वर्षी पुतण्याची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. घरात बैठक बसली. दीर म्हणाले, बाजारातलं तयार तिखट आणू, आपला मसाला मिसळू, कुणाला कळतंय? जाऊबाईंनी मधला मार्ग काढला, दोन प्रती करू, एक भारी, एक हलकी स्वस्त, तसं सांगूनच विकू. त्यात खोटं काही नव्हतं, मलाही पटलं होतं.

मी लिज्जतचं वाचलेलं होतं ते सांगितलं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, पहिल्या दिवशी चार पुडे झाले. सुरुवातीला त्याही दोन प्रतीचे पापड करत, हलके स्वस्त विकायचे. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, एकच करा आणि त्याच्या दर्जात तडजोड नको. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवलं होतं त्यांनी. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह अशी सोय केली. तोवर बंद म्हणजे बंद.

सासूबाईंना लिज्जतचं कौतुक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पावसाच्या आत एवढी मिरची वाळंल काय?" वाळणार नव्हती. "डंकापाशी मी उभी राहते तेवढीच चटणी आपली. बाकीच्यांचं पैसं परत द्या."

परत दिले. त्या महिन्याची चिठ्ठी सगळ्यात छोटी होती. यंदाची चटणी संपली, नवी मिरची आली की आधी यांना, मग त्यांना, अशी क्रमवारी आणि कारण. पुतण्याच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. काही गिऱ्हाइकं कायमची गेली, एकानं "एवढा माज?" असंही लिहिलं. पण यादीतली बरीच माणसं पुढच्या चैत्रात आपणहून विचारायला आली. दीर अजूनही म्हणतात आपण तेव्हा घर बांधलं असतं. बांधलंही असतं कदाचित.

निपाणीत घरी बसून राबणाऱ्या बायका नवीन नाहीत. दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका पाहतच आम्ही वाढलो. त्या बिडीवर नाव कारखान्याचं, वळणारीचं कधीच नाही. चिठ्ठीच्या खाली सासूबाईंचं नाव छापायचा हट्ट मी धरला तो त्यामुळं. त्या लाजल्या, पण पहिली छापील चिठ्ठी त्यांनी देवघरात ठेवली.

म्हणूनच यंदाचा पेच अवघड झाला. गुडघ्यांमुळे त्यांना या उन्हाळ्यात डंकापाशी उभं राहवलं नाही. चटणी सगळी जाऊबाईंनी केली. माप तेच, मिरची तीच, तरी घरातल्यांना फरक कळतो. जाऊबाईंचा कांदा जरा जास्त भाजला जातो. खाली नाव कुणाचं घालायचं? दीर म्हणाले, काही लिहू नका, लोकांना उगाच शंका. जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचं ते न बोलणं टोचलं. पंचवीस वर्षं त्या सासूबाईंच्या शेजारी उभ्या होत्या.

चिठ्ठी गेल्या आठवड्यात गेली. यंदाची चटणी धाकट्या हातची आहे, कांदा थोडा खरपूस लागेल, आवडली नाही तर पुडा परत पाठवा, असं लिहिलं. खाली दोघींची नावं. सासूबाईंनी वाचून घेतली आणि "तिचं नाव वर घाल, केलंय तिनं," म्हणाल्या.

आतापर्यंत एक पुडा परत आलाय. आणि मूळच्या चिकोडीच्या, आता पुण्याला लेकाकडे राहणाऱ्या एका आजींचा निरोप आलाय. नेहमीसारखी दोन किलो पाठवा, कांदा जास्त असला तर चालेल, आणि गुडघ्याचं कसं आहे ते पुढच्या चिठ्ठीत लिहा.