क्लीनरची रिकामी सीट

दोस्तांनो, वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या मुलांना बदलापूरच्या पुढचं लोकलचं स्टेशन आठवतं. पण आणखी एक वांगणी आहे बरं का! ती पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात. तिथे रेल्वे नाही. गावात सिमेंट येतं ते ट्रकनं, घरावरचे पत्रे येतात तेही ट्रकनं. दिवाळी उलटली की या भागातली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. भांडीकुंडी, चिल्लीपिल्ली, सगळा संसार ट्रकवर चढतो. म्हणून आज आपण बोलू या ट्रक हाकणाऱ्यांबद्दल, त्यांच्या दोन पिढ्यांबद्दल.

जव्हारहून मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता नुसता वळणावळणांचा. खोडाळ्यावरून कसाऱ्याकडे गेलात तर मुंबई-आग्रा महामार्ग लागतो आणि पुढे उभा कसारा घाट. अशा घाटाखालच्या धाब्यावर पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर आणि पंचविशीतला ड्रायव्हर एका बाकड्यावर बसले, की वाद ठरलेलाच. म्हातारबा म्हणणार, "तुम्ही कसली गाडी चालवता? गाडीच तुम्हाला चालवते!" पोरगा म्हणणार, "काका, तुम्ही उगाच हाल काढलेत!"

मग खरं कोणाचं?

आधी हालांचं बघू. टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. भरलेली गाडी घाटात वळवायची म्हणजे खांदे भरून यायचे. इंजिनाची धग थेट केबिनमध्ये. जकात नाक्यावर रांगेत ताटकळणं वेगळंच. आज स्टिअरिंग हलकं झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन हवंच, असा नियम झाला. पोरगा म्हणतो ते खोटं नाही. एवढे हाल सोसायची काहीच गरज नव्हती.

आता म्हातारबांचं ऐका. ते सांगतात, "ज्या गिअरात घाट चढशील, त्याच गिअरात उतर." का बरं? एक प्रयोग करा. दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरात घासा. तापले ना? ब्रेकचंही तसंच होतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो, आणि फार तापला की त्याची पकडच जाते. पाय दाबलेला, पण गाडी थांबत नाही! खालच्या गिअरात उतरलं की चाकांना इंजिन ओढून फिरवावं लागतं. इंजिन त्यांना विरोध करतं आणि गाडी आपोआप धीमी राहते. ब्रेक थंड राहतो, खऱ्या गरजेला उपयोगी पडतो.

काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. ही खोड दोन्ही पिढ्यांत आहे हं! गंमत म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात ती बचतही खोटी ठरते. गिअरात उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे म्हातारबांचा जुना नियम नव्या इंजिनानंही खरा ठरवला.

पण प्रत्येक वेळी म्हातारबाच जिंकतात असं समजू नका. टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखायची ही जुनी कला. पार बसलेला टायर आवाजानं कळतो, थोडी कमी झालेली हवा कळत नाही. तिथे पोरग्याचं हवा मोजायचं यंत्रच बरोबर. आणि "मी दोन रात्री सलग गाडी मारली" ही जुनी बढाई तर अजिबात ऐकू नका. हे गणित करा: ताशी ६० किलोमीटरनं जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरचा तीन सेकंद डोळा लागला, तर ट्रक किती जाईल? पन्नास मीटर! कबड्डीची जवळजवळ चार मैदानं एकापुढे एक ठेवा, तेवढं अंतर कोणी न बघता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंच दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहून ठेवली होती. रस्त्यावर ती फार थोड्यांना मिळाली. म्हणून "मला झोप येतेय, गाडी बाजूला घेतो" असं एखादा तरुण ड्रायव्हर मालकाला सांगतो, तेव्हा तो आळशी नसतो, शहाणा असतो.

मग दोघांत खरा फरक कुठला? तो ड्रायव्हरच्या सीटवर दिसत नाही, तिच्या शेजारच्या सीटवर दिसतो. तिथे पूर्वी क्लीनर बसायचा. काच पुसायची, चाकाला दगड लावायचा, गाडी मागे घेताना "आने दो, आने दो" ओरडायचं. हे करता करता वर्षानुवर्षं तो उस्तादाकडे बघायचा. कुठल्या वळणावर पाय कधी काढायचा, इंजिनाचा कुठला आवाज वाईट, हे सारं तिथेच शिकायचा. ती त्याची शाळा होती. आज खर्च वाचवायला कितीतरी ट्रकवर क्लीनर नसतोच. नवा ड्रायव्हर परवाना काढतो आणि एकटाच घाटात उतरतो. फोन त्याला रस्ता सांगतो. पण गाडीत किती टन माल आहे आणि ब्रेक किती तापलाय, हे फोनला कुठे ठाऊक?

तर काय, जुनी पद्धतच बरी होती? थांबा! त्या सीटवर बसलेला क्लीनर पुष्कळदा तुमच्याच वयाचा असायचा. त्याला ड्रायव्हरी मिळाली, पण त्याची खरी शाळा सुटली, कायमची. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं आज गुन्हा आहे. मालवाहू गाडीचा परवाना वयाच्या विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. व्यावसायिक ड्रायव्हरला पूर्वी आठवी पास असावं लागे, ती अट २०१९ साली काढली. पण म्हणून वही मिटू नका! आता मालाचं ई-वे बिल, गाडीतल्या पडद्यावरच्या सूचना, सगळं वाचावं लागतं. न वाचता येणाऱ्याला कुणीही फसवतं.

आम्हाला वाटतं, ती सीट पुन्हा भरायला हवी. पण शाळा सोडलेल्या पोरानं नव्हे. परवाना मिळालेल्या तरुणानं पहिले काही महिने जाणत्या ड्रायव्हरशेजारी बसावं, आणि त्या शिकण्याचा त्याला पगार मिळावा. ट्रकमालक पालकहो, हे तुमच्यासाठी! एका क्लीनरचा पगार वाचतो, पण घाटात एक चूक झाली तर त्याची किंमत पगारात मोजता येत नाही.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. घरात, शेजारी किंवा ओळखीत कोणी ड्रायव्हर असेल, तर आई-बाबांना बरोबर घेऊन त्यांना तीन प्रश्न विचारा. तुम्हाला गाडी कोणी शिकवली? तुम्ही कोणाला शिकवली? आणि काल रात्री किती तास झोपलात? उत्तरं वहीत लिहा. तिसऱ्या उत्तराचा आकडा सहापेक्षा कमी आला, तर चौथा प्रश्न विचारू नका. त्यांना झोपू द्या!