आयईएलटीएसचं स्पीकिंग : आधी उत्तर द्या, मग कारण सांगा

परदेशी विद्यापीठात शिकण्याची कुवत असलेली आपली कितीतरी मुलं-मुली आयईएलटीएसच्या स्पीकिंगला घाबरतात. 'आम्ही मराठी माध्यमाचे, कॉन्व्हेंटवाल्यांसारखं फाडफाड बोलता येत नाही,' हे ठरलेलं वाक्य. इंग्रजी ही ठराविक घरांचीच मालमत्ता आहे, हा समज कुणाच्या सोयीचा आहे ते वेगळं सांगायला नको.

ही परीक्षा नेमकं काय मोजते ते आधी पाहा. ११ ते १४ मिनिटांची मुलाखत. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष, चौघांना सारखं वजन. उच्चारात तुमचं बोलणं समोरच्याला कळतं का, हे पाहतात. साहेबासारखा सूर काढण्याची गरज नाही. तुमचं मत परीक्षकाला पटलं की नाही, यावरही गुण ठरत नाहीत.

मग आपली गाडी अडते कुठे? पाल्हाळात. आपल्या सभांत वक्ता विषयावर येईपर्यंत चहा थंड होतो. तीच सवय परीक्षेत नडते. 'वाचायला आवडतं का?' असं विचारलं की आपण 'पुस्तकं माणसाची खरी मित्र असतात' इथून सुरू करतो. त्याऐवजी सरळ सांगा : 'हो, आवडतं. दिवसा काम असतं म्हणून रात्री वाचतो. सध्या अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट दुसऱ्यांदा वाचतोय.' उत्तर, कारण, स्वतःचं उदाहरण. झालं.

दुसऱ्या भागात कार्डावर विषय मिळतो. तयारीला १ मिनिट, बोलायला १ ते २ मिनिटं. इथे क्लासमधली पाठ केलेली उत्तरं कामाला येत नाहीत. घोकंपट्टी परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. न पाहिलेल्या समुद्रकिनाऱ्याचं वर्णन कशाला करता? वस्तीतली अभ्यासिका, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, पहाटे कामाला निघणारी आई यांच्याबद्दल बोला. स्वतःचं जगणं लपवणारा अडखळतो. पाहिलेलं सांगणाऱ्याला शब्द सापडतात.

तिसऱ्या भागात समाज, शिक्षण, काम यांवर खोलात प्रश्न येतात. तिथे चळवळीतल्या पोरांनी तर मागे राहूच नये. फक्त घोषणा देऊ नका. एक भूमिका घ्या, तिला एक कारण जोडा. प्रश्न कळला नाही तर इंग्रजीतच विचारा.

सरावासाठी महागडा क्लासच हवा असं नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. ती प्रश्नोत्तरं महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. दोघांनी समोरासमोर बसा. एकाने प्रश्न वाचावा, दुसऱ्याने उत्तर. मग खंड मिटून तोच मुद्दा आपल्या साध्या इंग्रजीत मांडा. सत्तेच्या प्रश्नाला थेट उत्तर कसं द्यायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

परीक्षेचं शुल्क १५ हजारांच्या वर आहे. मजुराच्या घराला दुसरा प्रयत्न परवडत नाही. म्हणून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात काढून सामाजिक न्याय विभागाची जबाबदारी संपत नाही. त्याच्या वसतिगृहांत हा सराव मोफत झालाच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू. तोवर दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास इंग्रजी बोलण्याचा ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जय भीम!