फुकट

यंदा गणपतीत मंडळाच्या जेवणाला मसालेभाताचं ताट घेऊन उभी होते, तेवढ्यात दादा म्हणाला, "तुझ्या लोकांचं बरं आहे बुवा! विमान फुकट, डॉक्टर फुकट, औषधं फुकट. आणि आम्ही बसलोय रांगेत." (दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो हे वाचणारच आहे.) चारपाच जण हसले. मीही हसले. हातात भरलं ताट असताना भांडता येत नाही, म्हणून आता भांडते.

"माझे लोक" म्हणजे भूतानमधले नेपाळी भाषक. १९९० च्या आसपास त्यांना भूतानने हुसकावलं. पूर्व नेपाळात, झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात शिबिरांत एक लाखाहून जास्त माणसं राहिली, बांबूच्या झोपड्यांत. २००८ पासून त्यातली बहुतेक अमेरिकेत आली, आणि इथे कोलंबसमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. मी २०१० पासून निर्वासितांची केसवर्कर आहे, म्हणजे डॉक्टर, औषधं, विमा, बस आणि न सांगितलेलं दुखणं या सगळ्यामागे धावणारी बाई.

आता फुकटचा हिशेब. विमानाचं तिकीट कर्जाऊ असतं. व्याज नाही हे खरं, पण चढण्याआधी कागदावर सही घेतात आणि इथे आल्यावर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. एच-वनवर आलास तेव्हा तुझं तिकीट कंपनीने काढलं होतं ना रे दादा? मला आठवतंय, मावशीने पेढे वाटले होते. आणि रांगेचं म्हणशील तर तुझं दुःख खरंच आहे, ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी रखडपट्टी होते ती लाजिरवाणी आहे. पण निर्वासितांचा आकडा वेगळा, नोकरीवाल्यांचा वेगळा. त्यांच्यातला एक पुढे गेला म्हणून तू मागे सरकत नाहीस. शिवाय अठरा-वीस वर्षं शिबिरात काढणं ही रांग नव्हे तर काय?

तब्येतीचंही तसंच. हे लोक आले तेव्हा त्यांच्यात बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात सापडली, सीडीसीने २०११ मध्ये तसा अहवालच काढला. आपल्याकडे निम्म्या घरात बी-१२ ची इंजेक्शनं चालू असतात, म्हणून मी ऐकून हसले होते, "अरे, हे तर आमच्या कोथरूडचे!" मग शिधा काय होता ते कळलं. तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ, थोडी भाजी. दूध, अंडी, मांस जवळपास नाहीच. वर्षानुवर्षं. आपण खात नाही ती निवड असते.

आणि डॉक्टर फुकट! एका आजींचं सांगते (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). बीपीच्या तीस गोळ्या दिल्या, त्या त्यांनी इमानेइतबारे संपवल्या, आणि औषध झालं म्हणून थांबल्या. बाटली पुन्हा भरून घ्यायची असते हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? फोनवर मशीन बोलतं, इंग्रजीसाठी एक दाबा, स्पॅनिशसाठी दोन. मी बाटलीवर देवनागरीत "बिहान" आणि "बेलुका" लिहिलं, सकाळ-संध्याकाळ. लिपी एक असल्याचा केवढा अभिमान वाटला मला! आजी हसल्या. त्यांना वाचताच येत नव्हतं. मग सूर्य आणि चंद्र काढले.

त्याच आजींच्या पुढच्या भेटीला मी पोचायला उशीर केला. दुभाष्या आलाच नव्हता आणि सून गोदामात पाळीवर. लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेऊ नये असा नियम आहे. तरी खुर्चीवर अकरा वर्षांचा नातू. डॉक्टरांनी छापील प्रश्न वाचला: जगणं नकोसं वाटतं का? पोराने आजीकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाला, "नो." त्याने आजीला विचारलंच नाही. कागदावर शून्य पडलं.

नंतर मोठ्या बाईला बसवून विचारलं. "मन" हा शब्द त्यांच्यात आणि आपल्यात एकच आहे. आजी बराच वेळ बोलल्या. काय ते इथे नको. एवढंच सांगते, २००९ ते २०१२ या तीन वर्षांत या समाजात झालेल्या १६ आत्महत्यांची सीडीसीने चौकशी केली होती, आणि घरच्यांनी सांगितलेल्या अडचणींत भाषा न येणं सर्वांत वर होतं.

तेव्हा दादा, दवाखाना फुकट होता, विचारणारा माणूस नव्हता. त्याला पैसे पडतात, आणि तेच आधी कापतात. मेडिकेडमध्ये न बसणाऱ्या निर्वासितांना पूर्वी आठ महिने वैद्यकीय मदत मिळायची, मग बारा केली, आणि मे २०२५ पासून चार. जुलै २०२५ च्या कायद्याने तर १ ऑक्टोबर २०२६ पासून नव्याने आलेल्या बहुतेक प्रौढांना ग्रीन कार्ड येईपर्यंत मेडिकेडही नाही, आणि त्याचा अर्ज वर्षभराआधी करता येत नाही. चार महिन्यांत बीपी समजतो का? आपल्या बाबांना चार वर्षांत समजला नाही, अजून लोणचं खातात.

आणि हो, काकू, तुम्ही "पुण्याचं काम करतेस" म्हणता तेही मला टोचतं. पगार घेते मी. कमी घेते, ही गोष्ट वेगळी.

असो. गुरुवारी सकाळी पावणेदहाला मला तिघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय आणि माझी गाडी लहान आहे. दादा, तुझी सात सीटची आहे. पेट्रोल माझं.